चुड्याचा दिवस, विम्याचा दिवस

डिसेंबर १९३९, सकाळचे सव्वानऊ. टेंभुर्णीत कारभारी नावाच्या शेतकऱ्याच्या घरी, माजघराच्या उंबऱ्याशी, लालबी मनियारीण कामाला लागली होती. कारभारींची बायको दुर्गाबाई तिच्यासमोर मांडी घालून बसलेली आणि दुर्गाबाईंचा डावा हात लालबीच्या मांडीवर. जुन्या बांगड्या उतरवून झाल्या होत्या. मनगट रिकामं राहू नये म्हणून एक तेवढी ठेवलेली. अंगठा आत दुमडून, बोटांची पेरं दाबत, लालबी पाण्यात भिजवलेली हिरवी बांगडी वर सरकवत होती.

"हात ढिला सोड. दगडावाणी धरू नको."

"दुखून राह्यलं ना, लालबी."

"लग्नात ह्याच्याहून बारीक चढवल्या व्हत्या मीच. तवा न्हाई दुखलं?"

भोवती बसलेल्या शेजारणी हसल्या. त्या हसण्यातच लालबीनं दुसऱ्या धंद्याचं बोलणं काढलं. "कारभारीभाऊंना मी विम्याच्या कागदाचं सांगितलं. ते म्हणतात, घरात इचारतो. तू हौ म्हण. उद्या त्यांचं काही कमीजास्त झालं तर दोन हजार रुपये सरळ तुझ्या हातात..."

बांगडी कडकन फुटली. दुर्गाबाईंच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला.

एरवी यात काही नव्हतं. भरताना बांगडी फुटतेच. बाजाराचा रिवाजच असा आहे की चढताना फुटलेली बांगडी मनियारणीची, मनगटावर बसलेली गिऱ्हाइकाची. दर चुड्यामागं दोनतीन फुटतात आणि लालबी त्या काचा पाटीच्या कोपऱ्यात टाकून पुढची उचलते. पण नवऱ्याच्या मरणाचं बोलणं चालू असताना, बायकोचा हात मांडीवर असताना बांगडी फुटणं ही टेंभुर्णीत वेगळी गोष्ट होती. बांगडी 'फुटली' असं ज्या गावात कुणी तोंडानं म्हणत नाही, 'वाढवली' म्हणतात, त्या गावात तर फारच वेगळी.

आतून कारभारींची आई साळूबाई बाहेर आली. "माझ्या लेकाच्या मरणाची बात करती, अन् सुनेच्या हातातलं काकण फोडती? ऊठ. उचल तुझी पाटी."

लालबीनं पाटी उचलली. त्या दिवशी टेंभुर्णीत तिनं आणखी एकही चुडा भरला नाही. ती गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत बातमी पुढच्या दारांना पोचली होती.

लालबीचा नवरा ख्वाजामियाँ. त्याचं जालन्यात जुन्या बाजारात बांगड्यांचं छोटं दुकान. दुकान तो सांभाळतो, गावं लालबी करते. ही वाटणी लग्नापासूनची. मनियारणीला अडवायला कुणाच्या घरात पडदा नाही. वाण्याचं घर असो, देशमुखांचं असो की काझींचं, ती सरळ आत जाते आणि घरातल्या बाईचा हात धरून तासभर बसते. पुरुषांना ठाऊक नसलेल्या पुष्कळ गोष्टी तिला ठाऊक असतात.

हे मर्म ओळखलं रामकिसननं. रामकिसन हा मुंबईच्या एका विमा कंपनीचा जालन्यातला मुख्य एजंट. कंपनी त्याला पगार देत नाही. स्वतः आणलेल्या विम्यावर कमिशन, आणि हाताखालच्या एजंटांनी आणलेल्या विम्यावर रुपयामागं एक आणा, एवढ्यावर त्याचं घर चालतं. गावोगाव फिरून तो थकला होता. सगळीकडं एकच उत्तर मिळायचं: घरात विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी घरातून नकार आलेला असायचा. १९३९ च्या उन्हाळ्यात बायकोसाठी बांगड्या घ्यायला तो ख्वाजामियाँच्या दुकानात आला, लालबीही तेव्हा तिथंच होती, आणि त्याला सुचलं की हे लोक ज्या 'घरात' विचारतात, तिथं बसणारं माणूस आपल्यापुढंच उभं आहे.

त्यानं एजन्सी ख्वाजामियाँला देऊ केली. ख्वाजामियाँ म्हणाला, "मैं दुकान छोडके कहाँ जाऊं, सेठ? इसकूच दे डालो."

रामकिसन हसला, पण नाही म्हणाला नाही. कराराच्या कागदावर लालबीनं उर्दूत सही केली. तेवढं लिहिणं तिला लहानपणी मशिदीतल्या उस्तादानं शिकवलं होतं.

कमिशनचा हिशेब रामकिसननं तिला तिथंच दुकानात समजावला. गिऱ्हाईक जो पहिल्या वर्षाचा हप्ता भरेल त्यात रुपयामागं पाच आणे एजंटाचे. दुसऱ्या वर्षापासून, गिऱ्हाईक हप्ता भरत राहील तोवर, रुपयामागं तीन पैसे. डॉक्टरनं माणूस नापास केला, कंपनीनं कागद परत पाठवला किंवा गिऱ्हाईक ऐन वेळी फिरलं तर काहीच नाही. मोटारीचं भाडं, पायपीट, चहापाणी सगळं एजंटाचं स्वतःचं.

"इतनी मेहनत, अन् काम झालं तरच पैसा?" ख्वाजामियाँनं विचारलं.

"मंग बांगडीत काय येगळं हाये?" लालबी म्हणाली. "चढताना फुटली तर कोण देतं?"

धंदा तिला तिथल्या तिथं कळला होता. चूक पुढं झाली. तिनं दोन्ही धंदे एका फेरीत बसवले. बायकोचा हात तसाही आपल्या हातात असतो, त्याच वेळी विम्याचंही बोलून घ्यावं, भाडं वाचेल. हिशेबाला हे बरोबर होतं. हात कुणाचा आणि कशासाठी धरला आहे, एवढं मात्र हिशेबात आलं नव्हतं.

महिन्यावर संक्रांत होती. संक्रांत म्हणजे मनियारांची सुगी. वर्षातला सर्वांत मोठा चुडा बायका तेव्हा भरतात, आणि आमच्या भागात एक अलिखित कायदा आहे: ज्याच्या हातून गावानं संक्रांतीचा चुडा भरला, वर्षभर ते गाव त्याचं. टेंभुर्णी लालबीच्या सासूपासून या घरची होती. आता जाफराबादचा महेमूद मनियार, जो आजवर टेंभुर्णीच्या वेशीतून सरळ पुढं निघून जायचा, तो गावात थांबून चहा पिऊ लागला. टेंभुर्णी गेली तर भोवतालची खेडीही जाणार होती, कारण लेकीसुना एका गावच्या दुसऱ्या गावात दिलेल्या असतात आणि त्यांच्याबरोबर गोष्टीही जातात. 'मरणाची मनियारीण' हे नाव पडलंच होतं.

विम्याचा तर प्रश्नच उरला नव्हता. सहा महिन्यांत तिच्या हातून एकही कागद मंजूर झालेला नव्हता.

"छोड दे वो बीमा," ख्वाजामियाँ म्हणाला. "तौबा कर, साळूबाईचे पाय धर, गाव संभाल."

रामकिसन म्हणाला, "दुसऱ्या तालुक्यात जा. टेंभुर्णीचं नाव सोडून दे."

लालबीनं दोघांचं ऐकलं नाही. पुढं काय केलं ते ती आज मला सांगते तेव्हा त्यात फुशारकी नसते, पण आवाज खालीही येत नाही. बरेच दिवस ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. गावात अशी कोण बाई आहे, जिच्यापुढं नवऱ्याच्या मरणाचं बोललं तर काही अशुभ होत नाही? उत्तर सोपं होतं. तिच्या धंद्यामुळंच ते तिच्या नजरेतून सुटलं होतं. ज्या बायका बांगड्या भरत नाहीत त्यांच्यासमोर मनियारीण कधी बसतच नाही.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात ती पाटी न घेता टेंभुर्णीला गेली. साळूबाई गोठ्यामागच्या अंगणात तुरी पाखडत होती.

"आता काय फोडायला आलीस?"

"पाटी न्हाई आणली, मोठ्या माय. तुमच्यासंग बोलायला आले."

"माझ्यासंग मनियारणीचं काय बोलणं? हे बघ माझे हात." साळूबाईनं सुपासकट दोन्ही मोकळे हात पुढं केले.

"म्हणूनच आले," लालबी म्हणाली.

साळूबाईनं सूप खाली ठेवलं. लालबी पायरीवर बसली. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत साळूबाईचा नवरा दोन दिवसांत गेला तेव्हा कारभारी चार वर्षांचा होता, हे लालबीला सासूकडून माहीत होतं. जमीन दिरांच्या ताब्यात गेली. कारभारी मोठा होऊन वाटणी मागेपर्यंत साळूबाई त्याच घरात, स्वतःच्याच रानातली ज्वारी मागून घेऊन खात होती. लालबीनं यातलं काही बोलून दाखवलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्या वक्ताला तुमच्या हातात दोन हजार असते तर?"

"तर दिरानं ते बी घेतले असते," साळूबाई म्हणाली.

"कागदावर जिचं नाव तिच्याच सहीनं भेटतात. अंगठ्यानं बी चालतं."

साळूबाईनं सूप परत उचललं, दोनदा पाखडलं आणि पुन्हा ठेवलं. "तुला ह्यात काय भेटतं?"

हा प्रश्न प्रत्येक एजंटाला विचारला जातो आणि त्याचं ठरलेलं उत्तर आहे: ते कंपनी देते, तुमच्या खिशातून काही जात नाही. लालबीला ते रामकिसननं पाठ करून दिलं होतं. ते तिनं म्हटलं नाही.

"पहिल्या हप्त्याला रुपयामागं पाच आणे. कारभारीभाऊंचा हप्ता सालाला शंभर बसतो. म्हणजे मला सव्वाएकतीस. त्याच्या म्होरं दरसाल रुपयाला तीन पैसे."

"हाली का कलदार?" निजामाचा रुपया की इंग्रजांचा, हे ठरल्याशिवाय आमच्याकडं व्यवहार होत नाही.

"कलदार. हप्ता बी कलदार भरायचा."

"अगं माय! सव्वाएकतीस! मंग आमचे बैल कशाला राबून राह्यलेत? मी बी निघते तुझ्यासंग."

"निघा की. पायताण मजबूत घ्या."

साळूबाई हसली नाही, पण आवाज खाली आला. "मंग त्यातलं निम्मं मला दे. औरंगाबादचा एक इम्याचा टोपीवाला आल्ता. त्यानं माझ्या पुतण्याला निम्मं परत देल्तं."

हीही रीत आहे, आणि ती सगळ्या विमाधंद्यात मुरलेली आहे. गिऱ्हाईक कमिशनात वाटा मागतं, एजंट देतो, आणि कंपनीला ते कळूनही कळत नाही. जालन्यातल्या निम्म्या पॉलिसी अशाच खपतात.

"टोपीवाला परत कधी आल्ता?" लालबीनं विचारलं.

"त्या सालानंतर दिसलाच न्हाई."

"अन् कागद?"

"बुडाला. दुसरा हप्ता कधी भरायचा, कुठं भरायचा, कुणी सांगितलंच न्हाई."

"तो कशाला येईल, मोठ्या माय? त्याला जे पाहिजे ते पहिल्याच दिशी वाटून मोकळा झाला. मला बी सव्वाएकतीसची आशा हाये, खोटं कशाला बोलू? पर त्याच्याहून मला ते तीन पैसे पाहिजेत. तुम्ही हप्ता चुकवला तर माझे बी गेले. ते तीन पैसे मला दरसाल तुमच्या दारात आणतील. बांगडीच्या भावात घासाघीस करा, मी ऐकते. ह्यात न्हाई."

साळूबाईनं तुरीतले खडे वेचून बाजूला टाकले. मग तिनं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी: "कागदावर नाव दुर्गीचं घाल. माझं काय राह्यलंय?"

दुसरी गोष्ट म्हणजे अट होती. "ज्या दिशी हे घेऊन गावात येशील, त्या दिशी चुड्याला हात लावायचा न्हाई. पाटी बी दिसाया नको. अन् सुनांपुढं हे बोलणं काढायचं न्हाई. त्यांचे हात भरलेले हायेत, त्यांना ऐकवत न्हाई. आमच्याशी बोल. आम्हाला काय व्हायचं ऱ्हायलंय?"

लालबीनं अट जशीच्या तशी मान्य केली. तिच्याच मनात असलेली गोष्ट तिनं साळूबाईच्या तोंडून येऊ दिली, असं रामकिसन म्हणतो. लालबीला विचारलं तर ती म्हणते, "कुणाच्या तोंडून आली त्याला काय करायचं? बराबर व्हती."

कारभारी संध्याकाळी रानातून आले. आईनं जेवायला वाढताना सांगितलं, "तो इम्याचा कागद उद्या करून टाक."

"अगं, तूच तर त्या बाईला हाकललं व्हतंस."

"मी हाकललं, मीच बोलावलं. तू जेव."

पण लालबीला गाव अजून बंदच होतं, आणि खरा निकाल संक्रांतीच्या बाजारी लागणार होता. त्या दिवशी महेमूद सकाळीच मारुतीच्या पाराखाली पाटी मांडून बसला. लालबीनं समोरच्या भिंतीशी आपली पाटी मांडली. पाऊण तास दोघांपैकी कुणाकडंच कुणी आलं नाही. बायका येत, दोन्हीकडं बघत आणि किराणा घेऊन परत जात. पहिली कोण बसते याची सगळ्या वाट बघत होत्या.

साळूबाई सुनेला घेऊन आली. विधवा बाई चुड्याच्या जागी येत नाही, म्हणून ती पारापासून दहा पावलं दूर थांबली आणि तिथून ओरडली, "महेमूद, बाबा, घरला चहा पिऊन जा. आमच्या सुना लालबीकडंच भरतात. दुर्गे, बस तिच्याम्होरं."

दुर्गाबाई बसली. लालबीनं तिचा हात घेतला. पहिलीच बांगडी चढताना फुटली.

लालबीनं काच पाटीच्या कोपऱ्यात टाकली आणि दुसरी उचलली. "हात ढिला सोड म्हणून सांगते तर ऐकत न्हाई," ती म्हणाली. "माझं नुकसान करून राह्यली तू."

कुणीतरी हसलं. मग दुर्गाबाईच हसली. दुपारपर्यंत लालबीची पाटी रिकामी झाली. महेमूदनंही साताठ चुडे भरले. चारदोन घरं त्याच्याकडं गेली ती आजतागायत परत आलेली नाहीत, आणि लालबी ते लपवत नाही.

कारभारींचा विमा फेब्रुवारीत मंजूर झाला. तो तिचा पहिला.

तेव्हापासून तिचा धंदा असाच चालतो. बांगड्यांची फेरी वेगळी, विम्याची वेगळी. बांगड्यांच्या दिवशी कुणी विम्याचं विचारलंच तर ती म्हणते, "आज चुड्याचा दिवस." दर गावात तिची एखादी साळूबाई आहे. जांब समर्थला गोजरबाई आहे. तिच्या तीन मुलांपैकी दोघांचे विमे लालबीनं केले, तिसरा दारू पितो म्हणून केला नाही आणि गोजरबाईला तसं तोंडावर सांगितलं. बोलणं म्हातारीशी होतं, कागदावर नाव सुनेचं पडतं. सुनेला ते कळतं, पण तिच्यासमोर त्याचा उच्चार होत नाही.

रामकिसनला ही पद्धत सुरुवातीला पटली नाही. एक फेरी म्हणजे एक भाडं, दोन फेऱ्या म्हणजे दोन, आणि विमे कमी होतात. त्याच्या रुपयामागच्या आण्याचाही त्यात तोटा होता. "साल संपायच्या आत दहा कागद आणून टाक," तो तिला म्हणायचा, "पुढचं पुढं." इतर एजंट तसंच करत. पहिल्या वर्षाचं कमिशन निम्मं वाटायचं, निम्मं खिशात घालायचं आणि पुढच्या गावाला जायचं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या पॉलिसी गळायच्या आणि त्यांना पुन्हा नवी गिऱ्हाइकं शोधत हिंडावं लागायचं.

लालबीच्या हातची एकच पॉलिसी आजवर बंद पडली. ते कुटुंब वऱ्हाडात निघून गेलं म्हणून. आज, १९४४ साली, तीनतीन पैशांचं जे कमिशन दरसाल आपसूक येतं, त्यात घर चालतं आणि बांगड्यांचा नफा शिल्लक राहतो. हे रामकिसननं मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा फारसा खूश नव्हता. नव्या एजंटांना मात्र तो आता तिच्याचकडं पाठवतो.

जांब समर्थमध्ये तिच्या एका विमेदाराचं गेल्या वर्षी निधन झालं. कागदपत्रांसाठी लालबी दोनदा जालना-जांब खेटे घालून आली, पैसे त्याच्या बायकोच्या हातात पडले. मी विचारलं, त्या दिवशी काय वाटलं? "माझं चुड्याचं एक गिऱ्हाईक कमी झालं," ती म्हणाली. "आता तिच्याशी विम्याचं बोलता येतं. तिला ल्योक हाये."

कारभारी ठणठणीत आहेत. पाच हप्ते भरून झाले. हप्त्याच्या महिन्यात आठवण लालबीच्या आधी साळूबाईच करते आणि दरसाल न चुकता म्हणते, "आली बघ तीन पैशाची मानकरीण." लालबी दरसाल तिथं चहा घेते.

ख्वाजामियाँच्या दुकानावर तीस वर्षं नावाची पाटी नव्हती. लोकांना दुकान ठाऊक आहे, पाटी कशाला, असं तो म्हणायचा. गेल्या ईदला त्यानं रंगाऱ्याला बोलावून पाटी करून घेतली. वर उर्दूत, खाली मराठीत: लालबी ख्वाजामियाँ, विमा एजंट. बांगड्यांचा उल्लेख नाही. मी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बांगड्या तर दिखतेच हैं ना, साहेब. बीमा दिखता नहीं."

उद्या गुरुवार, टेंभुर्णीचा विम्याचा दिवस. सकाळी साडेसहाच्या मोटारीत लालबीचं एक तिकीट असेल. बांगड्यांची पाटी घरीच राहील, म्हणून टपावरच्या सामानाचं जादा भाडं मोटारवाला उद्या तिच्याकडून घेणार नाही.